छंदाच्या मासिकाची वर्गणी : छापील घ्यावी की डिजिटल?

राजगडाच्या पायथ्याचं पाली हे आमचं गाव. गडाचा पाली दरवाजा ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, तेच हे. मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो, शनिवार-रविवारी गावी असतो. वडील, म्हणजे अण्णा, निवृत्त शिक्षक. त्यांना आकाश बघायचा छंद आणि मला डोंगर भटकायचा. त्यामुळे आमच्या घरात मासिकांच्या वर्गण्या कायम चालू असतात.

२०२२ च्या शेवटी मी जरा शहाणपणा केला. अण्णांच्या खगोलशास्त्राच्या मासिकाची छापील वर्गणी बंद केली आणि त्यांना टॅब घेऊन देऊन त्यावर डिजिटल वर्गणी सुरू केली. पोस्टाची वाट बघायला नको, कपाटात गठ्ठे नकोत, असा साधा हिशेब होता. दोन वर्षं बरी गेली. मग माझं कार्ड बदललं, नव्या कार्डाची नोंद करायची राहिली आणि वर्गणी संपली. ते माझ्या लक्षातही आलं नाही. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाआधी अण्णांना २०२३ च्या ग्रहणावेळचा एक लेख हवा होता. ग्रहणातला चंद्र किती काळवंडला, किती लाल झाला हे ० ते ४ अशा अंकांत कसं नोंदवायचं, त्याबद्दलचा. टॅब उघडला तर सगळ्या अंकांवर कुलूप! त्याच वेळी पत्र्याच्या ट्रंकेतले २०२२ पर्यंतचे सगळे छापील अंक मात्र जागेवर होते, समासातल्या त्यांच्या पेन्सिलीच्या नोंदींसकट.

अण्णा काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून मी हा विषय नीट समजून घेतला. तुम्हीही वर्गणी भरायच्या विचारात असाल, तर आधी पुढच्या गोष्टी बघून घ्या.

वर्गणी भरताना आपण नेमकं काय विकत घेतो?

सगळ्यात मोठा फरक इथेच आहे. छापील अंक ही वस्तू आहे. एकदा हातात आला की तो तुमचा. वर्गणी संपली, मासिक बंद पडलं, तरी अंक घरात राहतो. तो शेजाऱ्याला देता येतो, शाळेला भेट देता येतो, रद्दीतही घालता येतो.

डिजिटल वर्गणीचे मात्र दोन प्रकार आहेत आणि जाहिरातीत ते बहुतेक वेळा वेगळे करून सांगितलेले नसतात.

१. पीडीएफ मिळणारी वर्गणी : दर महिन्याला फाइल ईमेलवर येते किंवा उतरवून घेता येते. ती तुमच्याकडेच राहते.

२. ॲपमधली वर्गणी : अंक ॲपमध्येच उघडतो. 'डाउनलोड' केलेला अंकसुद्धा त्या ॲपच्या आत कुलूपबंद असतो. वर्गणी चालू असेपर्यंत वाचायची परवानगी, एवढंच आपण घेतलेलं असतं. वर्गणी संपल्यावर जुने अंक उघडे ठेवायचे की नाही, हे ज्याची त्याची कंपनी ठरवते.

ही परवानगी देणारी सेवाच गुंडाळली जाऊ शकते. अ‍ॅमेझॉनने मार्च २०२३ मध्ये किंडलवरच्या मासिकांची नवी वर्गणी घेणं थांबवलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये चालू वर्गण्याही बंद केल्या. एवढी मोठी कंपनी असं करू शकते, तर लहान ॲपचा भरवसा किती धरायचा ते आपणच ठरवावं.

म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : वर्गणी संपल्यावर आधीचे अंक मला वाचता येतील का? उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

अंक वेळेवर मिळणं किती महत्त्वाचं आहे?

इथे डिजिटल सरळ जिंकतं. छापील मासिक साधारणपणे साध्या टपालाने येतं. त्याला ट्रॅकिंग नंबर नसतो. पालीसारख्या गावात पावसाळ्यात अंक आठवडाभर उशिरा आला, तर कुणाला नवल वाटत नाही.

बागकामाच्या किंवा गडकिल्ल्यांच्या मासिकाला आठवडाभराने काही बिघडत नाही. आकाशाचं तसं नाही. ग्रह कुठे दिसतील, ग्रहण कधी लागेल हे वर्षभर आधी छापता येतं. पण धूमकेतू किती तेजस्वी होईल हे शेवटपर्यंत नक्की नसतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये चुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसला. मासिकाचा मजकूर छपाईला बराच आधी जातो, तेव्हा तो सूर्याजवळून सुखरूप बाहेर पडेल की नाही हेही ठरलेलं नव्हतं. आम्हाला तो अंगणातून दिसला तो डिजिटल वर्गणीबरोबर येणाऱ्या ताज्या माहितीमुळेच. हे श्रेय द्यायलाच हवं.

पडदा केवढा आहे?

मासिकाचं पान ए-४ आकाराचं असेल तर त्याची रुंदी २१ सेंटिमीटर असते. साध्या मोबाइलचा पडदा रुंदीला सुमारे ७ सेंटिमीटर. म्हणजे पूर्ण पान मोबाइलवर तिपटीने लहान होतं आणि १० पॉइंटचं अक्षर जेमतेम साडेतीन पॉइंटचं उरतं. मग बोटांनी मोठं करा, सरकवा, पुढचा स्तंभ शोधा. वयस्कर माणूस दहा मिनिटांत कंटाळतो. १० इंची टॅबवर तेच पान सुमारे दोन-तृतीयांश आकारात दिसतं, ते चालून जातं.

काही ॲपमध्ये 'मजकूर दृश्य' असतं : लेख पानाच्या मांडणीतून बाहेर काढून मोठ्या अक्षरांत दाखवला जातो. नजर कमजोर असेल तर ही सोय छापील अंकापेक्षाही चांगली. पण मराठी मासिकांमध्ये ती आहे का, हे नमुना अंकावर आधी तपासा.

आकाश बघणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि टॅबच्या उजेडाने ती क्षणात मोडते. अंगणात नकाशा वाचायला कागद आणि लाल कागद लावलेली बॅटरी, याला तोड नाही.

मराठी अंकात शोध चालतो का?

डिजिटलचा मोठा फायदा म्हणून 'शोधा' ही सोय सांगितली जाते. इंग्रजी मासिकात ती मस्त चालते. मराठीत थांबा. अनेक मराठी प्रकाशनांची अक्षरजुळणी वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये झाली आहे. अशा पीडीएफमध्ये पडद्यावर 'राजगड' दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यामुळे 'राजगड' शोधलं तर काहीच सापडत नाही.

ओळखायची सोपी युक्ती : नमुना पीडीएफमधला एक शब्द कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठीच उमटला तर शोध चालेल. कचरा उमटला तर ते पीडीएफ म्हणजे शोधाच्या दृष्टीने नुसता फोटो.

खर्चाचा खरा हिशेब

नुसती वर्गणीची रक्कम बघू नका.

- छापील नियतकालिकांवर जीएसटी नाही. ऑनलाइन मजकुराच्या वर्गणीवर साधारणपणे १८ टक्के लागतो. दाखवलेली किंमत करासह आहे का ते बघा.
- परदेशी मासिक छापील मागवलं तर पोस्टेजच वर्गणीच्या पुढे जाऊ शकतं. १९४१ पासून निघणाऱ्या अमेरिकेतल्या 'स्काय अँड टेलिस्कोप'सारख्या मासिकासाठी डिजिटलच परवडतं.
- फोटोंनी भरलेला अंक बराच जड असतो. आमच्याकडे डोंगराच्या आड रेंज येते-जाते, म्हणून मी अंक पुण्यात वायफायवर उतरवून टॅब गावी नेतो.
- डिजिटल वर्गणी बहुधा आपोआप नूतनीकरण होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. तो मेसेज वाचा. नको असेल तर तेव्हाच थांबवा, आणि कार्ड बदललं तर नवं कार्ड लगेच नोंदवा. माझी चूक इथेच झाली.
- छापील वर्गणी कधी संपते हे बऱ्याचदा पत्त्याच्या चिठ्ठीवरच छापलेलं असतं. अंक आला नाही तर त्याच महिन्यात कळवा. उशीर झाला की जादा प्रती संपलेल्या असतात.

वर्गणीआधी हेही बघा : जुने अंक फुकट आहेत का?

बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक वेबसाइटवर मोफत वाचता येतात. डोंगरवेड्यांसाठी 'हिमालयन जर्नल' : १९२९ पासूनचा मोठा संग्रह हिमालयन क्लबच्या वेबसाइटवर खुला आहे. अशा ठिकाणी जुन्या अंकांसाठी पैसे भरायची गरज नाही. फक्त नवा अंक कसा हवा तेवढं ठरवायचं.

छापील अंक टिकवायचे कसे?

वेल्ह्याकडचा पाऊस ज्याला माहीत आहे त्याला कागदाची काळजीही माहीत असते. ओल आणि कसर हे दोन शत्रू. गठ्ठा भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका. पावसाळा संपला की अंक सावलीत, वाऱ्यावर पसरून मग परत ट्रंकेत भरा. जे लेख पुन्हा पुन्हा लागतात त्यांचे मोबाइलने फोटो काढून ठेवा. कागद टिकतो हे खरं, पण तो आपोआप टिकत नाही.

थोडक्यात निवड कशी करायची?

*छापील घ्या*, जर अंक जपून ठेवायचा असेल, घरात दोन-चार जण वाचणार असतील, वाचणारा वयस्कर असेल, किंवा समासात लिहायची सवय असेल.

*डिजिटल घ्या*, जर माहिती ताजी हवी असेल, मासिक परदेशी असेल, घरात जागा नसेल, किंवा अक्षर मोठं करून वाचायची गरज असेल. त्यातही पीडीएफ मिळत असेल तर ॲपपेक्षा पीडीएफ बरं.

*दोन्ही एकत्र* मिळत असतील तर फरकाची रक्कम बघा. ती थोडी असेल तर डोळे झाकून घ्या.

सगळ्या मासिकांना एकच नियम लावायचा नाही, हे मला उशिरा कळलं. आता आमच्याकडे अण्णांचं मराठी मासिक पुन्हा छापील येतं. परदेशी मासिक डिजिटल आहे, आणि त्यातला त्या महिन्याचा आकाशाचा नकाशा मी एका कागदावर छापून गावी नेतो. माझी भटकंतीची मासिकं पीडीएफमध्ये, दोन ठिकाणी साठवलेली.

ग्रहणाच्या रात्री ढग होतेच. पण अकरानंतर अधूनमधून फट पडत होती. अण्णांनी आठवणीनेच अंदाज बांधला आणि २०२२ च्या शेवटच्या अंकाच्या समासात लिहिलं : 'रंग विटकरी, २ किंवा ३.' कुलूपबंद अंकात ही ओळ लिहायला जागा नव्हती.