कुलवृत्तांतातून गळालेली पाने : इंगल्स कुटुंबाची गोष्ट

ऑगस्ट १८७०. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील मॉन्टगोमेरी परगणा. शिरगणतीचा सरकारी कारकून माळरानावरच्या एका ओंडक्यांच्या घरापाशी येतो आणि आत राहणाऱ्यांची नावे लिहून घेतो. चार्ल्स इंगल्स, वय ३४. पत्नी कॅरोलिन. मेरी आणि लॉरा या लहान मुली. तिसरी मुलगी कॅरी जन्मून जेमतेम काही दिवस झालेले. या वस्तीच्या नोंदींत जमिनीच्या किमतीचा रकाना मात्र तो भरत नाही. कारण तोच नमूद करतो : या जमिनी ओसेज इंडियनांच्या आहेत, वसाहतवाल्यांचा त्यांवर हक्क नाही.

आजचा धागा या जोडप्याविषयी आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांविषयी आहे. दुसरी मुलगी लॉरा म्हणजेच पुढे ‘लिट्ल हाउस’ ही पुस्तकमाला लिहिणारी लॉरा इंगल्स वाइल्डर. आपल्यापैकी काहींनी ती पुस्तके वाचली असतील, काहींनी १९७४ ते १९८३ या काळात निघालेली दूरचित्रवाणी मालिका पाहिली असेल. पुस्तकांत जे आहे ते थोडक्यात सांगतो. जे नाही, त्यापाशी मात्र जरा रेंगाळणार आहे.

प्रथम नातेसंबंध. चार्ल्सचा जन्म १८३६ सालचा, न्यूयॉर्क राज्यातला. कॅरोलिन क्वाइनर १८३९ ची, विस्कॉन्सिनची. ती पाच-सहा वर्षांची असताना तिचे वडील मिशिगन सरोवरात जहाज बुडून वारले. विधवा आईने मुले वाढवली आणि कॅरोलिन पुढे शाळामास्तरीण झाली. १ फेब्रुवारी १८६० रोजी दोघांचा विवाह झाला. मौज अशी की इंगल्स आणि क्वाइनर या दोन घराण्यांत एक नव्हे, तीन विवाह झाले. चार्ल्सच्या भावाने कॅरोलिनची बहीण केली आणि चार्ल्सची बहीण कॅरोलिनच्या भावाला दिली. साटेलोटे ही काही केवळ आपल्याकडचीच रीत नव्हे. जिथे शेजार विरळ आणि मनुष्यबळ हीच मुख्य पुंजी, तिथे सोयरीक म्हणजे जंगल तोडायला, नांगरणीला आणि आजारपणात हक्काने बोलावता येणारी माणसे.

१८६३ मध्ये चार्ल्सने मेहुण्यासह विस्कॉन्सिनमधील पेपिनजवळ जमीन घेतली. मेरी १८६५ मध्ये जन्मली, लॉरा १८६७ मध्ये. पुढे ती जमीन हप्त्यांवर विकून कुटुंब दक्षिणेकडे निघाले आणि १८६९ मध्ये कॅन्ससात पोहोचले.

इथे आपण पुन्हा त्या कारकुनापाशी येतो.

लॉराच्या १९३५ सालच्या ‘लिट्ल हाउस ऑन द प्रेअरी’ या पुस्तकात कुटुंब कॅन्सस सोडते, ते सरकार वसाहतवाल्यांना लष्कर पाठवून हुसकावणार असल्याची वार्ता आल्यामुळे. वाचताना सहानुभूती अर्थातच वडिलांकडे जाते. घर बांधले, विहीर खणली, जमीन नांगरली आणि दूरच्या राजधानीतील कोणा अधिकाऱ्याने सारे हिरावून घेतले! कागदपत्रे उलटी गोष्ट सांगतात. जिथे घर बांधले ते ओसेज जमातीचे उरलेसुरले राखीव क्षेत्र होते. हजारो वसाहतवाले तिथे बेकायदा घुसलेले होते, ओसेजांचे घोडे आणि पिके चोरली जात होती. १५ जुलै १८७० रोजी, म्हणजे शिरगणतीच्या जेमतेम महिनाभर आधी, अमेरिकी काँग्रेसने कायदा केला. ओसेजांनी प्रदेश सोडून दक्षिणेकडील इंडियन टेरिटरीत जावे आणि मागे राहिलेली जमीन वसाहतवाल्यांना एकरी सव्वा डॉलरने विकली जावी, असे ठरले. सप्टेंबरात ओसेज प्रमुखांनी त्यास नाइलाजाने मान्यता दिली. हुसकावले गेले ते ओसेज. इंगल्स थांबले असते तर जमीन कायदेशीर रीतीने विकत घेऊ शकले असते.

मग ते परतले का? पेपिनची जमीन घेणाऱ्याला हप्ते झेपेनात आणि जमीन पुन्हा चार्ल्सकडे आली. १८७१ च्या वसंतात कुटुंब माघारी निघाले. इतके साधे कारण.

लॉराला खोटारडी ठरवण्याची घाई मी करणार नाही. कॅन्सस सोडले तेव्हा ती चार वर्षांची होती. तिने लिहिले ते आईवडिलांकडून ऐकलेले. घर नक्की कुठे होते, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हते. पुस्तकात ते इंडिपेन्डन्स गावापासून ४० मैलांवर आहे. उत्तरकालीन संशोधकांनी शिरगणतीचे कागद आणि जमिनीच्या नोंदी जुळवल्या तेव्हा अंतर निघाले सुमारे १३ मैल. माझी आजी सांगे, आमच्या आजोळची जमीन पणजोबांनी ‘एका रात्रीत सोडवून आणली’. पुढे जुने फेरफार पाहिले तर ती एक रात्र अकरा वर्षांची होती आणि मधल्या काळात दोन गहाणखते झाली होती. आजी खोटे बोलत नव्हती. तिला जे सांगितले गेले, तेच ती सांगत होती.

एक गोष्ट मात्र केवळ स्मृतीवर ढकलता येत नाही. पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत, त्या प्रदेशात माणसे नव्हती, केवळ इंडियन होते, अशा आशयाचे वाक्य होते. १९५२ मध्ये एका वाचकाने त्याबद्दल प्रकाशकांना पत्र लिहिले. पंच्याऐंशी वर्षांच्या लॉराने चूक मान्य केली आणि पुढील आवृत्तीत ‘माणसे’ या शब्दाच्या जागी ‘वसाहतवाले’ आला. सतरा वर्षे ते वाक्य कोणालाच खटकले नव्हते. २०१८ मध्ये अमेरिकेतील बालग्रंथपालांच्या संघटनेने तिच्या नावाचा पुरस्कार नव्या नावाने देण्याचे ठरवले, त्यामागे याच चित्रणाचा वाद होता. ओसेजांचे पुढे काय झाले, हे ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ हा चित्रपट पाहिलेल्यांना माहीत आहे. ज्या निकृष्ट जमिनीवर त्यांना लोटले तिच्याखाली तेल निघाले, आणि त्या तेलासाठी त्यांचे खून पडले.

आता टोळधाड.

१८७४ मध्ये कुटुंब मिनेसोटातील वॉलनट ग्रोव्ह येथे प्लम क्रीक या ओढ्याकाठी आले. प्रथम काठाच्या उतारात खोदलेल्या घरात राहिले. गव्हाच्या भरवशावर पुढचे बेत रचले गेले. आणि रॉकी पर्वतातील टोळांनी पीक फस्त केले. १८७३ ते १८७७ या वर्षांत मध्यपश्चिमेवर कोसळलेल्या धाडींचे आकारमान कल्पनेपलीकडचे होते. १८७५ मध्ये नेब्रास्कातील एका निरीक्षकाने तारायंत्राच्या वार्तांवरून एका झुंडीचा विस्तार १,८०० मैल लांब आणि ११० मैल रुंद असा काढला. मादी टोळ अंडी जमिनीत घालते, म्हणून उभे पीक गेल्यावर पुढच्या वर्षीचेही गेल्यात जमा.

शेतकऱ्यांनी काय केले? पुस्तकातील वडील फाटक्या बुटांनी पूर्वेकडे चालत जातात, कापणीच्या मजुरीवर पैसे मिळवून आणतात. ते खरेच आहे. मात्र आणखी एक कागद आहे. १८७५ मध्ये चार्ल्स इंगल्सने आपण पूर्णतः निर्धन असल्याच्या शपथपत्रावर सही करून सरकारी मदतीचे पीठ घेतले. पुस्तकात हे पीठ नाही.

त्या काळी सही करणे किती जड गेले असेल, हे समजण्यासाठी राज्याची वृत्ती पाहावी. १८७६ पासून मिनेसोटाचे गव्हर्नर होते जॉन पिल्सबरी. होय, आपल्याकडे वाण्याच्या दुकानात ज्या नावाची आट्याची पिशवी दिसते, त्याच गिरणीवाल्या घराण्यातले. फुकट मदतीने शेतकरी आळशी होतील, असे त्यांचे ठाम मत होते. टोळांवर उपाय म्हणून त्यांनी २६ एप्रिल १८७७ हा राज्यव्यापी प्रार्थनादिन जाहीर केला. गव्हाचे पीठ करून श्रीमंत झालेल्या गृहस्थाने गहू पिकवणाऱ्यास उपवासाचे महत्त्व सांगावे, हे वाचताना माझी लेखणी थोडी कडवट होते, त्याबद्दल क्षमस्व.

१ नोव्हेंबर १८७५ रोजी इंगल्स कुटुंबात एकुलता एक मुलगा जन्मला. चार्ल्स फ्रेडरिक, लाडाचे नाव फ्रेडी. १८७६ मध्ये जमीन विकून आयोवाकडे जाताना वाटेत नातलगांकडे मुक्काम असता २७ ऑगस्टला तो गेला. नऊ महिन्यांचे आयुष्य. पुस्तकमालेत फ्रेडी नाही. आयोवातील बर ओक हे गावही नाही. तिथे कुटुंब खाणावळवजा हॉटेलात राबले, चौथी मुलगी ग्रेस जन्मली, आणि देणे फिटत नसल्याने एका रात्री घरमालकास न कळवता सारे निघून गेले. एक संपूर्ण कालखंड कथेतून अदृश्य झाला. बालवाचकांसाठी लिहिताना दुःख गाळले असे कोणी म्हणेल. पण मेरीचे अंधत्व गाळलेले नाही, बर्फातली उपासमार गाळलेली नाही. गाळले गेले ते मुख्यतः असे प्रसंग, ज्यांत वडील हरलेले दिसतात. फ्रेडीच्या बाबतीत माझा हा तर्क लागू पडत नाही. तिथे कदाचित नुसतेच दुःख होते.

१८७९ मध्ये मेरीची दृष्टी गेली. कारण पुस्तकात लोहितज्वर दिले आहे. २०१३ मध्ये वैद्यकीय अभ्यासकांनी पत्रे आणि वृत्तपत्रे तपासून मेंदूच्या विषाणुजन्य दाहाची शक्यता अधिक मानली. त्याच वर्षी चार्ल्स रेल्वेच्या नोकरीवर डाकोटा प्रदेशात गेला आणि १८८० मध्ये डी स्मेट गावाजवळ त्याने होमस्टेडचा दावा दाखल केला. १८६२ च्या कायद्यानुसार १६० एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्कावर मिळे, अट पाच वर्षे वास्तव्य आणि लागवडीची.

१८८०-८१ चा भीषण हिवाळा पुस्तकांतील सर्वोत्तम भाग आहे. ऑक्टोबरात पहिले हिमवादळ आले, जानेवारीत आगगाड्या थांबल्या आणि मेपर्यंत नियमित गाडी आली नाही. सरपण संपले तेव्हा गवताचे पीळ वळून जाळले, गहू कॉफीच्या चक्कीत दळून भाकरी केली. हे सगळे घडले. मात्र घरात आणखी तीन माणसे होती : एक तरुण जोडपे आणि त्यांचे तान्हे बाळ. लॉराच्या मूळ आत्मचरित्रात, जे २०१४ मध्ये ‘पायोनिअर गर्ल’ या नावाने प्रसिद्ध झाले, हे बिऱ्हाड आहे. कामास हात न लावता शेगडीपाशी जागा अडवणारे पाहुणे! कादंबरीत ते उरले नाहीत. एकटे, स्वावलंबी कुटुंब हे चित्र त्यांनी बिघडवले असते.

१८८१ मध्ये मेरी आयोवातील अंधांच्या महाविद्यालयात गेली. शिकवणीचा खर्च डाकोटा प्रदेशाच्या शासनाने उचलला. पुस्तकांत तो कुटुंबाच्या आणि लॉराच्या कष्टातून उभा राहतो. आणि ज्या होमस्टेडसाठी एवढी पायपीट केली, ते चार्ल्सने १८८६ मध्ये नावावर केले आणि १८९२ मध्ये विकले. गावात घर बांधून तो सुतारकाम करू लागला. १९०२ मध्ये तो वारला. रॉकी पर्वतातील टोळांचे शेवटचे जिवंत नमुनेही १९०२ मध्येच मिळाले, त्यानंतर ती जात नामशेष झाली. पर्वतांतील नदीखोऱ्यांत जिथे ते अंडी घालत, ती जमीन शेतकऱ्यांनी नांगरली, हे त्यामागचे प्रमुख मानले जाणारे कारण.

दुसरी पिढी. लॉराने १८८५ मध्ये अल्मान्झो वाइल्डर या शेतकऱ्याशी लग्न केले. चार वर्षांत घटसर्प, अल्मान्झोच्या पायांतील कायमची दुर्बलता, अवर्षण, कर्ज, आगीत जळालेले घर आणि १८८९ मध्ये एका तान्ह्या मुलाचा मृत्यू, असे सगळे त्यांनी पाहिले. १८९४ मध्ये ती दोघे कन्या रोझसह मिझुरीतील मॅन्सफील्डला गेली. तिथली रॉकी रिज ही शेती टिकली, पण तीही केवळ शेतीवर नव्हे. लॉरा कोंबड्या पाळी, १९११ पासून एका शेतकी नियतकालिकात लिही, आणि सुमारे दशकभर स्थानिक शेतकरी कर्ज संस्थेची सचिव होती. संघराज्य सरकारच्या योजनेतून तिने शेजाऱ्यांना मिळवून दिलेली कर्जे दहा लाख डॉलरांच्या घरात जातात.

पहिले पुस्तक १९३२ मध्ये आले तेव्हा लॉरा पासष्ट वर्षांची होती. हस्तलिखितांवर संस्कार केले ते रोझ वाइल्डर लेन या पत्रकार कन्येने. किती आणि कसे, यावर अभ्यासकांत अद्याप वाद आहे. मायलेकींचा रूझवेल्टच्या न्यू डीलला कडवा विरोध होता. रोझने १९४३ मध्ये ‘द डिस्कव्हरी ऑफ फ्रीडम’ लिहिले आणि अमेरिकी लिबर्टेरियन विचाराच्या जननींत तिची गणना होते. आता मागे वळून पाहा : शपथपत्रावरचे पीठ, मेरीचे शुल्क, होमस्टेडची जमीन, सरकारी कर्ज. रोझने हे जाणीवपूर्वक खोडले की तिलाही स्वावलंबनाचीच कथा वारशात मिळाली होती? मला दुसरे अधिक संभवनीय वाटते, पण पहिले नाकारता येत नाही.

तिसरी पिढी रोझपाशीच संपते. मेरी अविवाहित राहिली. कॅरीने एका विधुराशी लग्न केले आणि त्याची दोन मुले वाढवली. ग्रेसला मूल नव्हते. रोझचा एकुलता मुलगा जन्मतःच गेला. १९६८ मध्ये रोझ वारली आणि पुस्तकांचे हक्क तिने मानसनातू मानलेल्या रॉजर मॅकब्राइडकडे गेले. तो पुढे १९७६ मध्ये लिबर्टेरियन पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार होता. चार्ल्स आणि कॅरोलिनचा रक्ताचा वंशज आज एकही नाही.

डी स्मेटच्या दफनभूमीत चार्ल्स, कॅरोलिन, मेरी, कॅरी आणि ग्रेस आहेत. त्यांच्याजवळच लॉराच्या तान्ह्या मुलाची शिळा आहे, तिच्यावर वडिलांचे नाव आहे, बाळाचे नाही. ते ठेवलेच गेले नव्हते. फ्रेडीला मिनेसोटातच पुरले. त्याची जागा आजवर सापडलेली नाही.