व्हॉट्सअ‍ॅपची गोपनीयता : ढकलपत्रातले खरे किती, खोटे किती?



जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने नवे गोपनीयता धोरण आणले. ‘८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा’ अशी सूचना फोनवर झळकली आणि लगोलग ‘आता फेसबुक तुमचे सगळे निरोप वाचणार’ अशी ढकलपत्रे सुरू झाली. गदारोळ इतका झाला की कंपनीला मुदत १५ मेपर्यंत वाढवावी लागली. तसली पत्रे मजकूर थोडा बदलून अजूनही येतात. आपल्यापैकी बहुतेकांचे घरच्यांशी रोजचे बोलणे याच अ‍ॅपवर चालते. म्हणून त्यातले नेहमीचे दावे आम्ही तपासून खाली देत आहोत.

१. ‘कंपनी आपले निरोप वाचते.’
चूक. एप्रिल २०१६ पासून खाजगी निरोप आणि कॉल पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. किल्ली कंपनीकडे नसते. २०२१ च्या धोरणाने हे बदलले नाही. मात्र कोणी संभाषण ‘रिपोर्ट’ केले, तर समोरच्याचे शेवटचे पाच निरोप कंपनीकडे जातात.

२. ‘तीन निळ्या खुणा म्हणजे सरकारने निरोप पाहिला.’
चूक. तिसरी खूणच नाही. एक खूण म्हणजे निरोप गेला, दोन म्हणजे पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला.

३. ‘परवानगी नाही, असे आपल्या पानावर लिहिले की फोटो सुरक्षित.’
चूक. निदान २०१२ पासून हे पत्र फिरते आहे. त्यात रोम कराराचा हवाला असतो, पण तो करार आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा, म्हणजे युद्धगुन्ह्यांसारख्या खटल्यांचा आहे. खाते उघडताना मान्य केलेल्या अटी अशा मजकुराने रद्द होत नाहीत.

४. ‘आपली माहिती फेसबुककडे जाते.’
बरोबर, आणि हे २०१६ पासूनच. फोन नंबर, फोनची माहिती, आयपी पत्ता, अ‍ॅपचा वापर यांचा त्यात समावेश होतो. युरोपातील सभासदांसाठी धोरणाचा मजकूर वेगळा आहे, तो जरूर पाहावा.

खरी चिंता या चौथ्या मुद्द्याची आहे, पण पहिल्या तिघांच्या आरडाओरड्यात ती हरवते. सप्टेंबर २०२१ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने माहितीच्या वापराबद्दल लोकांना पुरेसे स्पष्ट न सांगितल्याबद्दल व्हॉट्सअ‍ॅपला २२ कोटी ५० लाख युरो दंड केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने २०२१ चे धोरण लोकांवर लादल्याबद्दल मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले.

आपण काय करावे?

* गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवरच्या बॅकअपला कुलूप लावण्याची सोय ऑक्टोबर २०२१ पासून आहे. सेटिंग्जमध्ये ‘चॅट बॅकअप’ पाहा. पासवर्ड जपून ठेवा. तो विसरल्यास कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही.
* पत्रावर तारीख नसेल, मूळ धोरणाचा दुवा नसेल आणि ‘सर्वांना पाठवा’ असा आग्रह असेल, तर ते पुढे ढकलू नका.
* कंपनीच्या धोरणातला ‘आम्ही कोणती माहिती गोळा करतो’ हा भाग स्वतः वाचा. नियामकाचा निर्णय असेल तर तोही पाहा. कंपनी काय सांगत नाही, ते बहुधा तिथेच कळते.

भारतातल्या आई-बाबांकडून असे पत्र आले, तर ‘खोटे आहे’ एवढेच सांगून थांबू नका. त्यातले खरे काय आहे तेही सांगा, म्हणजे पुढचे पत्र ते स्वतःच तपासतील.