निळा उशिरा का आला?

रात्री जळगावहून धुळ्याला निघा. एरंडोल, पारोळा मागे पडेपर्यंत रस्त्यावर एक रंगीत दुनिया दिसते. केळीच्या ट्रकच्या केबिनमध्ये देवाच्या फोटोभोवती लाल-हिरवी माळ, ट्रॅव्हल्समध्ये निळा उजेड, लग्नाहून परतणाऱ्या जीपमध्ये तर सगळेच रंग एकदम. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? आहे ना! हे रंग एका दिवसात आलेले नाहीत. लाल आणि निळ्यामध्ये तब्बल ३१ वर्षांचं अंतर आहे.

मला हा नाद लागला तो पप्पांच्या गाडीमुळे. गेल्या महिन्यात चार दिवस सुटी होती, म्हणून जळगावच्या गोलाणी मार्केटमधून रंगीत एलईडीची अर्धा मीटर पट्टी आणली. आमची डिग्री इंजिनिअरिंगची, पण रोजचं काम कीबोर्डवर. त्यामुळे सोल्डरिंग हातात घेतलं ते कॉलेजनंतर पहिल्यांदाच. धुळ्याचे मामा आले होते, त्यांनी विचारलंच, "हाई काय शे रे भाऊ?"

तर मामांना जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

आधी रंगीत उजेड म्हणजे साध्या बल्बला रंग फासायचा, नाहीतर गणपतीच्या आराशीत करतात तसा जिलेटिनचा कागद लावायचा. बल्बची तापलेली तार सगळे रंग एकत्र फेकते, त्यातही निळा अगदी कमी. म्हणजे निळा बल्ब हा नवा रंग तयार करत नाही, बाकीचे रंग अडवतो. बहुतेक उजेड काचेतच वाया जातो, गरम होतो तो वेगळाच.

एलईडीचं तसं नाही. तिथे स्फटिकच ठरलेल्या रंगाचा प्रकाश देतो. १९०७ मध्ये हेन्री राउंड या इंग्रज संशोधकाला कार्बोरंडमच्या खड्यातून वीज सोडल्यावर उजेड दिसला. १९२०च्या दशकात रशियात ओलेग लोसेव्हने त्याचा नीट अभ्यास केला. पुढे १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने गेला. डोळ्यांना दिसणारा, उपयोगी पडेल असा लाल एलईडी १९६२ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या निक होलोन्याकने केला. १९७२ मध्ये जॉर्ज क्राफर्डने पिवळा केला. मग मात्र गाडी अडली. म्हणून तर जुन्या टेपरेकॉर्डरवरचे, स्टॅबिलायझरवरचे दिवे आठवून पाहा... लाल, हिरवे, पिवळे. निळा कुठेच नाही!

निळ्या प्रकाशाच्या कणात लाल प्रकाशाच्या कणापेक्षा जास्त ऊर्जा असते. तेवढी देऊ शकणारा स्फटिक म्हणजे गॅलियम नायट्राइड, आणि तो चांगला वाढवणं हे महाकर्मकठीण काम. जपानमध्ये अकासाकी आणि अमानो यांनी ते जमवलं, आणि १९९३ मध्ये निचिया कंपनीतल्या नाकामुरांनी झगझगीत निळा दिवा बाजारात आणण्याजोगा केला. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्याच निळ्यावर पिवळा फॉस्फर लावून पांढरा एलईडी झाला. आपल्याकडे भारनियमनाच्या वर्षांत घराघरात आलेले चार्जिंगचे दिवे ही त्याचीच पोरं.

आता गंमत बघा. हा सगळा इतिहास त्या पट्टीवर लिहिलेला आहे. पट्टी तीन-तीन ठिपक्यांच्या तुकड्यांनी कापता येते. तीन लाल एका रांगेत, प्रत्येकाला साधारण २ व्होल्ट, म्हणजे ६. बारातून उरले ६. निळ्याला प्रत्येकी ३.२, म्हणजे ९.६, उरले फक्त २.४. हे उरलेले व्होल्ट रेझिस्टन्सने खायचे. २० मिलिअँपिअरसाठी लालला ३०० ओहम लागतात आणि निळ्याला १२०.

पण गाडी चालू झाली की बारा व्होल्ट बाराच राहत नाहीत, १४ च्या आसपास जातात. पुन्हा गणित करा: लालमधून २७ मिलिअँपिअर जातात, निळ्यातून जवळजवळ ३७! घरी टेबलावर छान दिसलेला रंग गाडीत निळसर होतो आणि निळे दिवे लवकर मरतात. नवशिक्यांसाठी सल्ला दोनच ओळींचा: जादा रेझिस्टन्स टाका, आणि वायरीत फ्यूज टाकल्याशिवाय बॅटरीला हात लावू नका.

खरा वाद मात्र वेगळ्याच गोष्टीवर झाला. मला निळा हवा होता. आणि पप्पा महिन्यातून दोन-तीनदा रात्री धुळ्याहून एकटे गाडी चालवत येतात. अंधारात आपण डोळ्यातल्या ज्या पेशींनी पाहतो, त्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सगळ्यात जास्त संवेदनशील असतात; त्या पूर्ण तयार व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि भगभगीत निळा उजेड ती तयारी क्षणात घालवतो. लालचा त्यांना फारसा त्रास नाही. शिवाय आतला उजेड पुढच्या काचेत उमटतो तो वेगळा. समोरून विनादिव्याचा ट्रॅक्टर आला तर? फोटोत छान दिसणारी गाडी काय कामाची?

नुसता लाल नको, कारण १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीतून पुढच्या बाजूला लाल उजेड दिसायला नको. मग लालमध्ये थोडा हिरवा मिसळला, हिरव्याच्या वायरीत जादा रेझिस्टन्स घालून. पणतीसारखा मंद पिवळा रंग आला. पट्टी डॅशबोर्डखाली, पायाशी लावली. दार उघडलं की लागते, बंद केलं की विझते. किल्ली पडली, चप्पल शोधायची, एवढ्याला पुरते.

निळी वायर जोडलेली नाही, टोकाला टेप गुंडाळून ठेवली आहे. दिवाळीत भाची येईल, गाडी अंगणात उभी असेल, तेव्हा बघू :)