मिठापासून टीव्हीपर्यंत : एका जकातीचा मागोवा

उरणच्या द्रोणागिरी परिसरात कंटेनर यार्डांची रांगच आहे. न्हावा शेवा बंदरात उतरलेला बराच माल सीमाशुल्काची कागदपत्रे पुरी होईपर्यंत इथे थांबतो. 'बिल ऑफ एंट्री'वर 8528 हे शीर्षक असेल तर तो तयार टीव्ही, 8529 असेल तर त्याचे सुटे भाग. या दोन आकड्यांवरच्या शुल्कात अंतर किती ठेवायचे ते दिल्ली ठरवते. टीव्ही इथे जोडायचा की तयार आणायचा, ते कंपनी त्यावरून ठरवते.

कोकणातला हा हिशेब जुना आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातून स्वस्त मीठ येऊ लागले आणि इथल्या मिठागरांचा धंदा धोक्यात आला. तेव्हा 1671 मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र पाठवून, बाहेरचे मीठ घरच्या मिठाहून महाग पडेल एवढी जकात बसवायला लावली. पुढे कान्होजी आंग्र्यांनी या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांना आपले दस्तक घ्यायला लावले. इंग्रजांनी ते मानले नाही, आणि झगडा वर्षानुवर्षे चालला.

1982 च्या आशियाई खेळांबरोबर देशात रंगीत टीव्ही आला. चढ्या आयात शुल्काच्या आडोशाला देशी कंपन्या वाढल्या. औरंगाबादेत धूत कुटुंबाची व्हिडिओकॉन त्यांतलीच. 26 मे 1989 रोजी न्हावा शेवा बंदर सुरू झाले, 1991 नंतर शुल्क उतरत गेले आणि तो आडोसा विरळ झाला.

1 सप्टेंबर 2004 पासून थायलंडशी झालेल्या करारानुसार 82 वस्तूंवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचे होते. त्यांत रंगीत टीव्ही होता आणि पिक्चर ट्यूबही. सोनीने त्याच वर्षी हरियाणातल्या धारूहेड्याचा कारखाना बंद करून थायलंडहून टीव्ही आणायला सुरुवात केली. वेणुगोपाल धूत उलट वाटेने गेले: 2005 मध्ये त्यांनी फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा जगभरचा धंदा विकत घेतला. सपाट पडदे तोवर बाजारात येऊन ठेपले होते. ट्यूब कालबाह्य झाली. मोबाइल सेवेत घातलेला पैसाही अडकला; 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 122 परवाने रद्द केले, त्यांत व्हिडिओकॉनचेही होते. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

डिसेंबर 2017 मध्ये सरकारने तयार टीव्हीवरचे शुल्क 20 टक्क्यांवर नेले. पण पडद्याची मूळ काच, म्हणजे 'ओपन सेल', हिच्यावरही पुढे 5 टक्के शुल्क राहिले, आणि टीव्हीच्या खर्चातला निम्म्याहून अधिक वाटा तिचाच. व्हिएतनामहून तयार टीव्ही मात्र आसियान करारामुळे बिनशुल्क येत होता. सॅमसंगने 2018 मध्ये चेन्नईजवळचे टीव्ही उत्पादन थांबवले आणि व्हिएतनामचा माल आणला. कारखाना वाचवायला लावलेले शुल्कच कारखान्याच्या मुळावर आले. 2019 मध्ये सरकारने ओपन सेलवरचे शुल्क काढले, 2020 मध्ये पुन्हा लावले.

जकात कंपनीला मुदत देते. त्या मुदतीत काय उभारायचे हे मालकाने ठरवायचे असते. 1671 ची जकात अर्थपूर्ण होती, कारण वाचवायला मिठागरे होती. ओपन सेल बनवणारा कारखाना भारतात आजही नाही. तो उभा राहत नाही तोवर या काचेवरचे शुल्क गिऱ्हाइकाच्याच बिलात चढणार.