यंत्राचा ठेका आणि वादकाची मजुरी

नव्या तबकड्यांवर लिहिणारे टीकाकार ठेका कसा, आवाज कसा एवढे सांगतात. तो ठेका कोणी धरला आणि त्याला काय मिळाले, हे ते क्वचितच विचारतात. माझे आयुष्य कामगारांत गेले. मला तोच प्रश्न आधी सुचतो.

१९८२ साल आपल्याला गिरणी संपामुळे ठाऊक आहे. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याच साली, त्याच मुंबईत एच.एम.व्ही.ने एक तबकडी काढली. सिनेसंगीतात वाजवून पोट भरणारे चरणजित सिंग यांनी जपानी रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर भैरव, ललित, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तिला गिऱ्हाईक मिळाले नाही. २०१० साली एका डच कंपनीने ती पुन्हा काढली, तेव्हा युरोपातले टीकाकार चकित झाले. शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी १९८७ मध्ये गाजवलेला तो गुरगुरता खर्ज येथे पाच वर्षे आधीच होता.

पहिला मान कोणाचा, हा वाद मला पोरकट वाटतो. खरी गंमत यंत्रातच आहे. एकट्याने रियाज करणाऱ्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून ते काढले होते. त्या कामी ते फसले, १९८४ मध्ये बंद पडले आणि जुन्या बाजारात स्वस्तात आले. म्हणूनच गरिबांच्या पोरांना ते परवडले! त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. मिंडेशिवाय राग कसला? म्हणून आपले राग त्यावर तगले.

दुसरे यंत्र तालाचे. प्रार्थनामंदिरांतून वर आलेल्या ‘सोल’ गायकीचे मार्विन गे त्याच वर्षी त्याच्या ठेक्यावर गायले आणि ते गाणे जगभर गाजले. पण ड्रम वाजवणाऱ्याचे काय? परभणीच्या वरातीत हलगीवाले, बँडवाले मागे सरले आणि डीजेची भिंत पुढे आली, तेव्हा आपणही हे विचारले नाही.

लंडनच्या वादक-संघटनेच्या एका शाखेने १९८२ मध्येच अशा यंत्रांवर बंदीचा ठराव केला. मला तो चुकीचा वाटतो. माग मोडून विणकर वाचत नाही. अमेरिकेतल्या वादकांनी अधिक शहाणपण दाखवले होते. तबकडी वाजू लागली की जिवंत वादकाची रोजी जाते, हे ओळखून जेम्स पेट्रिलो यांच्या संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणच थांबवले. दोन वर्षांहून अधिक काळ ते चिकाटीने लढले. १९४४ च्या नोव्हेंबरात शेवटच्या बड्या कंपन्याही नमल्या. विकलेल्या प्रत्येक तबकडीमागे थोडी रक्कम संघटनेच्या निधीत पडू लागली, आणि त्या पैशातून बेकार वादक मजुरी घेऊन बागांत, इस्पितळांत लोकांसाठी फुकट वाजवू लागले.