ब्लॅकवेल गेम मालिका: इथे भुताला पकडायचं नाही, समजावायचं

मोबाईलवरचा गेम म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बॅटल रॉयल येतं, नाहीतर क्रिकेट, नाहीतर एकसारख्या तीन गोळ्या जुळवून फोडणं. पॉइंट-अँड-क्लिक ॲडव्हेंचर हा प्रकार आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी कधी उघडूनच पाहिलेला नसतो. मीही इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत पाहिला नव्हता. नंतर होस्टेलच्या एका जुन्या लॅपटॉपवर ब्लॅकवेल मालिकेचा पहिला भाग खेळले. त्या लॅपटॉपवर दुसरं काही चालायचंच नाही, हे खरं कारण! आज त्या मालिकेबद्दल सविस्तर लिहिते. शेवटी फोनवर ती कशी चालवायची तेही सांगते.

आधी प्रकार समजून घेऊ. पॉइंट-अँड-क्लिक म्हणजे स्क्रीनवर एक चित्र असतं: खोली, रस्ता, बाग. त्यातल्या वस्तूंवर आणि माणसांवर क्लिक करायचं, बोलायचं, वस्तू उचलायच्या, आणि डोकं चालवून पुढची वाट उघडायची. वेळेचं बंधन नसतं. बोटांचा वेग इथे काही कामाचा नाही. १९८७ मध्ये लुकासफिल्म गेम्सचा ‘मॅनियॅक मॅन्शन’ आला आणि हा प्रकार खऱ्या अर्थाने रुळला. पुढे १९९३ मध्ये जेन जेन्सन यांचा ‘गॅब्रिएल नाइट’ आला. न्यू ऑर्लिन्स शहर, वूडू आणि खुनांचा तपास. अलौकिक डिटेक्टिव्ह गेम म्हटलं की आजही आधी त्याचंच नाव निघतं. ब्लॅकवेल त्याच्या पुढच्या पिढीतली. तिच्यामागे मोठी कंपनी मात्र नव्हती.

गोष्ट काय आहे?

रोझँजेला ब्लॅकवेल, म्हणजे रोझा, ही न्यूयॉर्कमध्ये एकटी राहणारी तरुणी. एका स्थानिक वर्तमानपत्रात पुस्तकांची परीक्षणं लिहिते. लाजाळू, माणसांत मिसळताना अडखळणारी. पहिला भाग सुरू होतो तेव्हा ती एका पुलावर आत्याच्या अस्थींची राख घेऊन उभी असते. आत्या लॉरेन कित्येक वर्षं रुग्णालयात होती, आणि नात्यातलं असं रोझाला दुसरं कुणी उरलेलं नाही. माझ्या आजोबांच्या अस्थी विसर्जनाला मी गेले होते, तेव्हा आता हे करा, आता ते करा, असं सांगायला गुरुजी होते, काका होते. रोझाला सांगणारं कुणी नाही. ती राख सोडते आणि घरी जाते. गेमची पहिली दोन मिनिटं एवढीच. मी तिथेच अडकले.

मग कळतं की ब्लॅकवेल घराण्यातल्या बायकांना एक वारसा आहे. जोई मॅलोन नावाचं एक भूत, १९३० च्या दशकातल्या सूट-टाय-हॅटमधलं, या घराण्याला बांधलेलं आहे. आधी आजी पॅट्रिशिया, मग आत्या लॉरेन, आणि आता रोझा. तो फक्त तिला दिसतो आणि कायम तिच्याजवळ असतो. दोघांचं काम एकच: ज्यांना आपण मेलोय हेच कळलेलं नाही, अशा भुतांना शोधायचं आणि पुढे जायला मदत करायची.

आता इथे ही मालिका इतर डिटेक्टिव्ह गेम्सपेक्षा वेगळी होते. नेहमीच्या डिटेक्टिव्ह गोष्टीत पुरावे जमवायचे ते गुन्हेगाराला पकडायला. इथे पुरावे जमवायचे ते मेलेल्या माणसाला समजावण्यासाठी. भूत एका जागी अडकलेलं असतं, तेच तेच करत असतं. त्याला थेट ‘तू मेलास’ असं सांगून काही होत नाही, ते ऐकतच नाही. मग तो कोण होता, त्याचं नाव काय, शेवटच्या दिवशी काय झालं, कुणाची आठवण त्याला सोडत नाही, हे सगळं शोधून त्याच्यासमोर ठेवायचं. पटलं की ते जोईचा टाय धरतं आणि सुटतं. त्यामुळे प्रत्येक केसच्या शेवटी ‘जिंकलो’ असं वाटत नाही. एखाद्याला वाईट बातमी नीट, वेळ देऊन सांगितल्यावर जसं वाटतं, तसं काहीसं वाटतं.

एक गमतीची गोष्ट. पहिल्या भागात रोझाची शेजारीण निशांती नावाची आहे आणि तिच्या कुत्र्याचं नाव मोती! न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कात मोती भेटेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बनवली कुणी?

डेव्ह गिल्बर्ट हे न्यूयॉर्कचेच. आधी ते छंद म्हणून फुकट गेम्स बनवायचे. २००३ मध्ये त्यांनी ‘बेस्टोअर्स ऑफ इटर्निटी’ नावाचा छोटा गेम केला, तो या मालिकेचा कच्चा आराखडा म्हणता येईल. २००६ मध्ये त्यांनी वॅजेट आय गेम्स ही कंपनी काढली आणि त्याच वर्षी ‘द ब्लॅकवेल लेगसी’ आला. मग ‘अनबाउंड’ (२००७), ‘कन्व्हर्जन्स’ (२००९), ‘डिसेप्शन’ (२०११) आणि शेवटचा ‘एपिफनी’ (२०१४). पाच भाग, आठ वर्षं, आणि गोष्ट खरोखर संपते. पुढच्या भागासाठी मुद्दाम लटकवून ठेवलेलं नाही, हे मला फार आवडतं.

पाचही गेम्स ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ, म्हणजे एजीएस, या फुकट टूलवर बनले. क्रिस जोन्स यांनी १९९७ मध्ये ते सुरू केलं आणि २०११ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला. कुणीही डाउनलोड करून गेम बनवू शकतं. तर मीही बनवायला बसले.

वहीचं गणित

‘लेगसी’मध्ये रोझाकडे एक वही असते. बोलताना कळलेली नावं आणि गोष्टी त्यात नोंदल्या जातात, आणि दोन नोंदी एकमेकींना जोडून पाहता येतात. जुळल्या तर नवा निष्कर्ष निघतो. खेळताना वाटतं, किती सोपी आयडिया आहे! म्हणून माझ्या छोट्या गेममध्ये मीही तशी वही घातली. बारा नोंदी होत्या. आता बारातून दोन निवडायच्या म्हणजे किती जोड्या? बारा गुणिले अकरा भागिले दोन, म्हणजे ६६. त्यातल्या अर्थपूर्ण जोड्या सात. उरलेल्या ५९ ला काय उत्तर द्यायचं? मी सगळीकडे ‘काही संबंध दिसत नाही’ हे एकच वाक्य टाकलं. माझ्या रूममेटने गेम घेतला, एकही संवाद न वाचता सगळ्या जोड्या ओळीने दाबल्या आणि दहा मिनिटांत ‘केस’ सोडवली. तपास झालाच नाही. कुलुपाचा नंबर माहीत नसताना ०००, ००१ करत जावं, तसा प्रकार.

खरं तर हीच कमतरता ‘लेगसी’मध्येही आहे. अडकलात की हात आपोआप वहीकडे जातो आणि सगळं सगळ्याला जोडून पाहतो. डिटेक्टिव्ह गेम बनवणाऱ्यांची ही जुनी डोकेदुखी: खेळणाऱ्याने विचार केला, हे कॉम्प्युटरने ओळखायचं कसं? पर्याय समोर मांडले की लोक ते एकेक करून संपवतात.

‘अनबाउंड’मध्ये यावर एक सुंदर उपाय आहे. तो भाग १९७३ मध्ये घडतो आणि आपण लॉरेन आत्या असतो. ती एकामागून एक सिगारेट ओढणारी, तोंडाने फटकळ, पण आतून थकलेली. तिच्याकडे इंटरनेट नाही, टेलिफोन डिरेक्टरी आहे. त्यात नाव स्वतः टाइप करून शोधायचं. समोर यादी नाही, त्यामुळे ओळीने सगळं दाबून पाहणं शक्यच नाही. नाव लक्षात आलं असेल तरच पुढे जाल. कीबोर्डवर ते नाव टाइप करताना जे वाटतं, ते दहा पर्यायांतून एक निवडताना वाटत नाही. पुढे ‘कन्व्हर्जन्स’मध्ये डिरेक्टरीची जागा कॉम्प्युटरवरचा सर्च घेतो आणि ‘डिसेप्शन’मध्ये रोझाच्या हातात स्मार्टफोन येतो: नोंदी, शोध, फोन सगळं त्यातच. मालिकेच्या आठ वर्षांत आपल्या खिशात जे बदललं, तेच तिच्या पर्समध्येही बदललं.

‘अनबाउंड’पासून आणखी एक गोष्ट येते: आपण कधी माणूस, कधी जोई म्हणून खेळू शकतो. जोई बंद दारातून आरपार जातो, दुसऱ्याच्या खोलीत डोकावतो. पण तो काही उचलू शकत नाही, फार तर फुंकर मारू शकतो. आणि आपल्या माणसापासून फार लांब जाऊ शकत नाही. आता हा नियम गोष्टीचा आहे की गेमप्लेचा? दोन्हीचा. जोईला एका मर्यादेपलीकडे जाता येत नाही म्हणून कोडं तयार होतं, आणि त्याच कारणाने दोघांना एकमेकांची सुटका नाही, भांडलं तरी शेजारीच. माझ्या मते मालिकेतली सगळ्यात हुशार डिझाइन हीच.

खऱ्या माणसाची गोष्ट

‘अनबाउंड’मध्ये जोसेफ मिचेल नावाचं एक पात्र आहे. तो खरा माणूस होता. ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचा नावाजलेला लेखक. जो गुल्ड नावाचा एक फिरस्ता आपण लाखो शब्दांचा ‘मौखिक इतिहास’ लिहीत आहोत असं सगळ्यांना सांगायचा. मिचेलने त्याच्यावर १९४२ मध्ये एक लेख लिहिला आणि १९६४ मध्ये दुसरा, लांबलचक. त्यात त्याने सांगितलं की तो ग्रंथ मुळात नव्हताच. त्यानंतर १९९६ मध्ये मरेपर्यंत मिचेल ऑफिसला जात राहिला, पण नवीन असं काही छापून आलंच नाही. तीस वर्षं! गिल्बर्ट यांनी या कोड्याला आपल्या कल्पनेतलं एक भुताटकीचं उत्तर दिलं. गेममधलं उत्तर अर्थातच काल्पनिक आहे, पण तो म्हातारा मिचेल पडद्यावर इतक्या हळुवारपणे येतो की मी गेम थांबवून त्याची माहिती शोधत बसले होते.

कमजोर बाजूही सांगायला हव्यात. ‘लेगसी’मध्ये बोलणं खूप, करणं कमी. रोझाची एकेक ओळ मध्ये मध्ये लांबते. चित्रं जेमतेम ३२० पिक्सेल रुंदीची, त्यामुळे चेहरे पाहून काही कळत नाही, आवाजावरच सगळी भिस्त. जोईला आवाज देणारे एब गोल्डफार्ब मात्र कमाल आहेत. ‘एपिफनी’पर्यंत चित्रं, संगीत, लेखन सगळंच कितीतरी वर गेलंय. बर्फाने झाकलेलं न्यूयॉर्क पाहाच.

एक सूचना महत्त्वाची. ‘लेगसी’ची मुख्य केस कॉलेजमधल्या मुलींच्या आत्महत्यांची आहे. विषय सनसनाटी केलेला नाही, पण टाळलेलाही नाही. सध्या तुमचं मन ठीक नसेल तर तो भाग बाजूला ठेवा. ‘अनबाउंड’ आधीच्या काळात घडतो, त्यामुळे तिथून सुरुवात केली तरी गोष्ट कळते. एरवी क्रम सोडू नका, विशेषतः ‘एपिफनी’ आधी खेळू नका.

फोनवर कसा खेळायचा?

मालिकेतले काही भाग आयफोन-आयपॅडसाठीही आले होते, त्यामुळे ॲपलवाल्यांनी आधी तिथे शोधून पाहावं. अँड्रॉइडवर माझी पद्धत अशी: गेम स्टीम किंवा जीओजीवर विकत घ्यायचा (सेलमध्ये बराच स्वस्त मिळतो), कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायचा, ते फोल्डर फोनमध्ये कॉपी करायचं आणि स्कमव्हीएम या फुकट ॲपमध्ये जोडायचं.

पण विंडोजची ईएक्सई फाईल अँड्रॉइडवर चालेल कशी? तर ती चालतच नाही. एजीएसच्या ईएक्सईमध्ये दोन गोष्टी एकत्र असतात: गेम चालवणारं इंजिन, आणि गेमचा डेटा म्हणजे चित्रं, संवाद, नियम. स्कमव्हीएम त्यातला फक्त डेटा वाचतं आणि इंजिन स्वतःचं वापरतं. व्हिडिओ तोच, प्लेअर दुसरा, असं समजा. हे ॲप मुळात लुकासफिल्मच्या त्या ‘मॅनियॅक मॅन्शन’साठी लिहिलेल्या ‘स्कम’ सिस्टीमवरच्या गेम्ससाठी बनलं, नाव तिथूनच आलं. एजीएसचा सपोर्ट त्यात २०२१ च्या २.५ आवृत्तीपासून आहे. कॉपी करताना स्पीच.व्हॉक्स ही फाईल विसरू नका. ती राहिली तर गेम चालतो, पण सगळे मुके होतात. माझा पहिला अर्धा तास असाच गेला, मला वाटलं हेडफोन बिघडला.

टचस्क्रीनवर एक अडचण येते. माऊस एखाद्या वस्तूवर नुसता नेला की तिचं नाव दिसतं. बोटाला ‘नुसतं नेणं’ जमत नाही, ते टेकलं की क्लिकच. म्हणून स्कमव्हीएमच्या सेटिंगमध्ये टचपॅड मोड निवडा. मग बोट फिरवलं की कर्सर लॅपटॉपसारखा सरकतो, नावं दिसतात, टॅप केलं की क्लिक होतं. दोन बोटांनी टॅप म्हणजे राइट क्लिक, आणि ब्लॅकवेलमध्ये राइट क्लिक म्हणजे ‘नीट निरखून बघ’. हे बटण विसरलात तर निम्मे विनोद हुकतील.

संवाद फक्त इंग्रजीत आहेत, सबटायटल चालू ठेवा. डेव्हलपरची कॉमेंटरी पहिल्या खेळात बंद ठेवा, ती रहस्य फोडते. सेव्ह स्वतः करावं लागतं, फोन आला आणि ॲप बंद पडलं तर गेलं सगळं. आणि अडकलात तर लगेच वॉकथ्रू उघडू नका. आधी जोईशी बोला, तो बहुतेक वेळा टोमणा मारता मारता इशारा देतो. मला ‘लेगसी’ला तीनेक तास लागले, ‘एपिफनी’ला त्याच्या दुपटीहून जास्त.

पाचही संपल्यावर त्याच जगात घडणारा ‘अनअव्हॉव्ड’ (२०१८) आहे, त्यात एकट्या जोडीऐवजी अख्खी टोळी घेऊन फिरता येतं. पण तो ‘एपिफनी’नंतरच. मी आधी खेळले आणि अजून हळहळते.