‘प्लास्टिक’ शब्दाची गोष्ट

शेजारच्या वहिनींनी एका दुपारी मोठ्या शहरातल्या दवाखान्याची फाइल माझ्यासमोर ठेवली आणि दार लोटून घेतले. स्तनाच्या कर्करोगामुळे त्यांची एक बाजू काढावी लागणार होती. तिथे नवा उभार घडवता येईल, असेही डॉक्टरांनी सुचवले होते. ‘‘आपा, माझ्या अंगात प्लास्टिक घालणारेत म्हणं. मी नको म्हणून आले,’’ वहिनी म्हणाल्या. मी बी.ए. झालेली, कविता करणारी बाई. वैद्यकातले मला काय कळणार? पण शब्दांशी माझे रोजचे भांडण आहे, आणि वहिनींना शस्त्रक्रियेपेक्षा त्या एका शब्दाचीच धास्ती जास्त होती.

प्लास्टिक हा मूळचा ग्रीक शब्द. अर्थ, आकार देता येण्याजोगे. कुंभार मातीला देतो तसा. कार्ल फॉन ग्रेफे या जर्मन शल्यविशारदाने १८१८ मध्ये नाक घडवण्याच्या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिले आणि त्याच्या नावात हा शब्द वापरला. तेव्हा आज आपण ज्याला प्लास्टिक म्हणतो ती वस्तू जन्मालाही आली नव्हती. बादल्या-पिशव्यांनी हा शब्द नंतर पळवला.

या विद्येकडे इंग्रजांचे लक्ष वेधले ते पुण्याजवळच्या एका कारागिराने. कावसजी नावाचा एक मराठा कुणबी इंग्रजी फौजेत बैल हाकायला होता. १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात गेला. विटा पाडणाऱ्या जातीतल्या त्या कारागिराने कावसजीला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातल्या क्रूसो आणि फिंडले या दोन डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये तिची हकीगत छापली.

कृती अशी. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बेतून घ्यायचा, मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ आखायची. रेघेवरून कातडी कापून सोडवायची, मात्र दोन भुवयांमधला लहानसा पट्टा तसाच राखायचा. सोडवलेली कातडी पीळ देऊन खाली वळवायची, नाकाच्या कडांत बसवायची, वरून कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. हो, पानातलाच कात! सुमारे पंचवीस दिवसांनी नवे नाक रुजले, की मग तो पट्टा कापायचा. रोग्याचे नाव राहिले, पाहणाऱ्या डॉक्टरांची राहिली. करणाऱ्याचे मात्र त्या हकीगतीत नाही. ती वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

भुवयांमधला तो पट्टा म्हणजे देठ. त्यातून रक्त येत राहते, म्हणून कातडी मरत नाही. वहिनींच्या फायलीतला ‘फ्लॅप’ तो हाच. आंब्याच्या बागा असणाऱ्यांना हे सांगायलाच नको. भेट कलमात फांदी मूळ झाडाला जोडलेली ठेवून रोपाशी बांधतात आणि जीव धरल्यावर तोडतात. तसा हा फ्लॅप. कोय कलमात काडी आधीच तोडून घेतात. तशी ‘ग्राफ्ट’ची कातडी. स्तनासाठी पाठीचा स्नायू कातडीसह पुढे वळवण्याची रीत इटलीच्या तान्सिनी यांनी १९०६ मध्ये मांडली. पोटाची कातडी आणि चरबीही वापरतात. आता तर देठ पूर्ण तोडून, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या नव्या जागी शिवतात.

‘इम्प्लांट’ची जात निराळी. अमेरिकेत ह्यूस्टनला क्रोनिन आणि जेरो यांनी १९६२ मध्ये सिलिकॉनचे पहिले स्तन बसवले. वरून सिलिकॉनचे कवच, आत सिलिकॉनचाच दाट गर. काहींत नुसते मिठाचे पाणी, तेच ‘सलाइन’. म्हणजे वहिनींची शंका अगदीच पोकळ नव्हती; पण ती दोन वाटांपैकी एकीवर होती. कोशकार याला ‘रोपण’ म्हणतात, ते मला पटत नाही. रोप मूळ धरते, हे धरत नाही. उलट शरीर त्याच्याभोवती कुंपण घालते. त्या कुंपणाचे नाव ‘कॅप्सूल’. गिळायची गोळी नव्हे. ते आवळत गेले की ‘कॉन्ट्रॅक्चर’; छाती कडक होते, दुखते. कवच फाटले तर ‘रप्चर’. हे साधन जन्मभराचे नसते, पुढे कधी बदलावे किंवा काढावे लागू शकते. २०१० मध्ये एका फ्रेंच कंपनीने कारखान्यात वापरायचे सिलिकॉन भरल्याचे उघड झाले. २०१९ मध्ये खरखरीत कवचाची काही इम्प्लांट्स बाजारातून परत घेतली गेली, कारण लसिकापेशींच्या एका दुर्मिळ कर्करोगाशी त्यांचा संबंध दिसला होता. तेव्हा कवच गुळगुळीत की खरखरीत, हे विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही.

वहिनींनी सगळे ऐकून घेतले. फायलीतल्या आकृतीवर बोट ठेवले. मग हळूच म्हणाल्या, ‘‘आपा, मंग माझा देठ कुठला राखणारेत?’’

आकृतीत पाठीचा स्नायू काढलेला होता. काखेजवळ, जिथून रक्तवाहिनी येते, तिथे मी पेन्सिलीने खूण केली. त्यांनी फाइल पिशवीत घातली आणि सोमवारच्या गाडीची वेळ विचारली.